जुन्या गाडीचा स्टिरिओ त्रास देऊन राहिला? सेट बदलायच्या आधी हे सगळं तपासून पहा

बाबांनी २०१३ साली घेतलेली हॅचबॅक अजून आमच्याकडेच आहे, इंजिन ठणठणीत, एसी मस्त, पण मागच्या मे महिन्यात तिच्या टचस्क्रीनवाल्या स्टिरिओनं पार डोकं खाल्लं. रोज सकाळी घड्याळ शून्यावर, ब्लूटूथला आईचा फोन ओळखू येत नाही, रेडिओची सेव्ह केलेली स्टेशनं गायब, अन् रस्त्यात जरा मोठा खड्डा आला की स्क्रीन काळी होऊन परत सुरुवातीपासून चालू. एका ॲक्सेसरीजच्या दुकानात नेली तर त्यानं दोन मिनिटं बटणं दाबून सांगून टाकलं की बोर्ड गेला, नवीन अँड्रॉइड सेट टाका, फिटिंगसकट १८ हजार. मी टाकणारच होतो, पण गाडी बाबांची, त्यांनी हौसेनं घेतलेली, म्हणून एकदा ओळखीच्या म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना दाखवली. त्यांनी सेटला हातही लावला नाही, आधी विचारलं, "हा बंद कधी पडते भाऊ, ते सांग."

मला नीट सांगता आलं नाही. तिथून मी शिकायला लागलो. शेवटी निघालं काय, तर सेटमागची अर्थची, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीत परत नेणारी वायर ढिली होती अन् बॅटरी थकली होती. सेट आजही तोच आहे, व्यवस्थित चालतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून राहिलो, कारण जुन्या गाडीत सेट स्वतः मेलेला असण्याच्या आधी त्याला करंट नीट मिळत नसण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि ते घरच्या घरी तपासता येतं.

आधी तीन-चार दिवस नुसतं लिहून ठेवा

फोनमध्ये नोंद करा की बिघाड नेमका कधी होतो. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर बंद पडत असेल तर कुठंतरी ढिलं कनेक्शन आहे. फक्त सेल्फ मारल्यावर सेटिंग उडत असेल तर बॅटरी. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत होत असेल तर गरमी, पावसाच्या दुसऱ्या दिवशी होत असेल तर पाणी, स्टेअरिंग वळवताना बटणं जात असतील तर स्टेअरिंगच्या आतली केबल, आणि एकाच फोनसोबत होत असेल तर भानगड फोनची आहे, गाडीची नाही. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

एक लक्षात घ्या, सेल्फ मारताना स्क्रीन क्षणभर बंद होऊन परत येणं हे बऱ्याच जुन्या गाड्यांत नॉर्मल आहे, कारण सगळा करंट सेल्फला मिळावा म्हणून गाडी स्वतःच ॲक्सेसरीची लाइन तोडते. सेटिंग उडणं मात्र नॉर्मल नाही.

बॅटरीपासून सुरुवात

व्होल्ट मोजायचा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, नागपुरात सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो, भारीतला नको. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी, चावी न लावता मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ किंवा त्याखाली असेल तर जवळपास रिकामी. मग घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा अन् तुम्ही आकडा पहा, त्या क्षणाला तो १० च्या खाली जायला नको. आमचा ८.७ पर्यंत जात होता, म्हणजे इंजिन कसंबसं चालू व्हायचं पण तेवढ्यात स्टिरिओची मेमरी पुसली जायची. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवं. त्याच्या फार खाली किंवा १५ च्या वर असेल तर अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी भरणारा भाग) दाखवा, तिथं स्टिरिओचा विचारच सोडा.

हे सगळं मोकळ्या जागेत करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, धुराचा वास येवो न येवो, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

नागपूरकरांसाठी खास सांगतो, बॅटरीला थंडीपेक्षा उन्हाळा जास्त मारतो. थंडीत ती बंद पडते म्हणून आपण थंडीला दोष देतो, पण आतलं नुकसान मे महिन्याच्या ४५ डिग्रीतच होऊन गेलेलं असतं. तीन-चार वर्षं झालेली बॅटरी असेल तर आपल्याकडे तिच्यावर फार विश्वास ठेवू नये.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर काढा. १० नंबरचा पाना बहुतेक गाड्यांना लागतो. आधी निगेटिव्ह काढायचं, मग पॉझिटिव्ह, आणि लावताना उलट, आधी पॉझिटिव्ह अन् शेवटी निगेटिव्ह, हा क्रम चुकवू नका, पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी पडते. कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशनं घासा, पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका, कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून थोडी पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनल हातानं हलत असेल तर तो घट्ट नाही.

पण थांबा, निगेटिव्ह काढायच्या आधी एक गोष्ट पहा. काही गाड्यांचे कंपनीचे सेट बॅटरी काढली की चोरीच्या भीतीनं लॉक होतात अन् कोड मागतात. तो कोड मॅन्युअलसोबतच्या छोट्या कार्डावर असतो, कधी ग्लोव्ह बॉक्सच्या आत चिकटवलेला असतो. सेकंडहँड गाडी असेल तर आधी कोड शोधा मगच पाना हातात घ्या. आणि बॅटरी जोडल्यावर घड्याळ आणि काही गाड्यांत खिडकीचं ऑटो बटण परत सेट करावं लागतं, त्याला घाबरू नका.

फ्यूज, पिवळी वायर, लाल वायर आणि अर्थ

सेटला करंट दोन वाटांनी येतो. एक वाट कायम चालू, चावी काढली तरी, तिच्यावर मेमरी टिकते. दुसरी चावीबरोबर चालू-बंद होते. म्हणूनच सेट वाजतो पण रोज सगळं विसरतो, तेव्हा कायमच्या वाटेचा फ्यूज उडालेला असू शकतो. एक फ्यूजबॉक्स बहुतेक स्टेअरिंगखाली असतो, दुसरा बोनेटमध्ये, आणि बऱ्याच सेटच्या पाठीवर स्वतःचा एक छोटा फ्यूज असतो जो पाहायचं सगळे विसरतात. चावी बंद करून फ्यूज काढा, आतली तार तुटली आहे का पहा, डोळ्याला बरा दिसला तरी मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. जेवढ्याचा होता तेवढ्याचाच टाका. वरचा टाकू नका, तार गुंडाळून तर कधीच नाही, गाडीला आग लागायला तेवढं पुरतं. नवीन फ्यूजही लगेच उडत असेल तर कुठंतरी वायर शॉर्ट आहे, तिथं थांबा आणि इलेक्ट्रिशियन गाठा.

सेट बाहेर काढायचा असेल तर भोवतीची प्लास्टिकची पट्टी प्लास्टिकच्या चपट्या पट्टीनंच उचका, स्क्रू ड्रायव्हरनं डॅशबोर्डवर कायमचे ओरखडे पडतात. दहा वर्षं नागपूरच्या उन्हात तापलेलं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, डिसेंबरच्या सकाळी तर क्लिपा पटापट तुटतात, म्हणून गाडी थोडी कोमट झाली की करा. स्क्रू निघाले की सेट ओढू नका, मागं वायरी आखूड असतात. गिअर लिव्हरवर जाड कापड टाका. पिवळ्या रंगाचा कुठलाही कनेक्टर किंवा पिवळ्या आवरणातली वायर दिसली तर हात लावू नका, ती एअरबॅगची असू शकते (सेटच्या स्वतःच्या पाठीतून निघणारी पिवळी वायर वेगळी, ती खाली येते).

बाहेरून बसवलेल्या सेटला साधारण असे रंग असतात: पिवळी कायमचा करंट, लाल चावीचा, काळी अर्थ, नारिंगी लाइटची, निळी अँटेना किंवा ॲम्प्लिफायरची. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग वेगळे असू शकतात, तिथं रंगावर न जाता मोजा. चावी काढलेली असताना पिवळीवर १२ व्होल्ट दिसलेच पाहिजेत, लालवर काहीच नाही, चावी फिरवली की लालवरही १२. काही गाड्यांत या दोन्हींची जागा उलट असते आणि फिटिंग करणाऱ्यानं न पाहता कप्लर (वायरी जोडायचा प्लग) लावलेला असतो, मग सेट पहिल्या दिवसापासूनच विसराळू होतो.

आता अर्थ. माझ्या गाडीचा खरा आजार इथं होता. सेट चालू ठेवा, आवाज जरा वाढवा, मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल तार सेटच्या लोखंडी बॉडीला. आकडा ०.१-०.२ व्होल्टच्या आत असायला हवा. त्याहून जास्त असेल, किंवा वायर हलवल्यावर उड्या मारत असेल, तर अर्थ खराब. काकांनी काळी वायर जिथं गाडीच्या बॉडीला कसली होती तो स्क्रू उघडून दाखवला, खाली गंज. पॉलिश पेपरनं घासून लोखंड चकचकीत केलं, वायरीच्या टोकाला नवीन लग (धातूची कडी) दाबून लावला, स्क्रू कसला. खड्ड्यातलं रीस्टार्ट त्या दिवशी थांबलं ते थांबलंच.

वायरी नुसत्या पिळून काळी टेप मारलेली दिसली तर ते सगळं काढून नीट करून घ्या. आपल्या उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते अन् तांबं उघडं पडतं. सोल्डर करून वर हीट श्रिंकची नळी, किंवा चांगला क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेला जोड.

आणि रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर? मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवून, लाल तार १० ए लिहिलेल्या भोकात टाकून, निगेटिव्ह टर्मिनल अन् त्याच्या सोडवलेल्या केबलच्या मधात जोडा, सगळी दारं बंद, अर्धा तास थांबा म्हणजे गाडीचे कॉम्प्युटर झोपतात. ५० मिलीअँपिअरच्या (मीटरवर ०.०५) खाली असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्यानं आकडा पडेल ती लाइन चोर. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळतो.

रीसेट

सेटवर टाचणी जाईल एवढं भोक असेल तर त्यात टाचणी दाबा, नसेल तर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, नाही जमलं तर बॅटरीचं निगेटिव्ह पंधरा मिनिटं काढून ठेवा. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी.

उन्हात तापलेली स्क्रीन

मे महिन्यात दुपारी उघड्यावर लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० डिग्रीच्या वर सहज जातो. एवढ्या तापात एलसीडी काळपट पडते, टच उशिरा कळतो किंवा आपोआप बटणं दाबली जातात, आणि सेट स्वतःला वाचवायला बंदही होतो. थंड झाल्यावर ठीक होत असेल तर सेट बदलायचं कारण नाही. बसल्याबरोबर फुल आवाजात लावू नका, चारही काचा खाली करून दोन-तीन मिनिटं चालवा, मग एसी, मग गाणी. काचेवर आतून चांदीवाला सनशेड लावायची सवय करा, नवतपा (मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) असो नसो.

कायमच मनानं टच होत असेल तर आधी स्क्रीनगार्ड काढून पहा. मग लायटर सॉकेटमधला मोबाइल चार्जर काढून पहा, हलक्या चार्जरचा करंट टचला गोंधळात टाकतो. तुमची स्क्रीन नखानं दाबली तरी चालत असेल तर ती दाबावर चालणारी जुन्या पद्धतीची, तिच्या सेटिंगमध्ये बहुधा कॅलिब्रेशन असतं, एकेका टिंबावर बरोबर मधात दाबायचं. त्यानंही नाही झालं तर फक्त वरची टचची काच बदलून मिळते, अख्खा सेट नाही, हे दुकानदार स्वतःहून क्वचितच सांगतो. पुसताना सेट बंद, मायक्रोफायबरचं कापड किंचित ओलं, स्प्रे स्क्रीनवर नको, तो कडेनं आत जातो.

ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह आणि फोनची केबल

ब्लूटूथला दोन्हीकडून विसरायला लावा, फोनमधून गाडी काढा अन् गाडीतून फोन काढा, एकीकडूनच काढलं तर जुन्या जोडणीची नोंद दुसऱ्याकडे राहते आणि जोडणी अर्धवट होते. जुन्या सेटच्या यादीत मोजकेच फोन मावतात, घरातले, मित्रांचे, विकलेले फोन सगळे उडवा. फोन नवीन असेल, गाणं वाजतं पण नाव दिसत नाही किंवा पुढचं गाणं बटणानं लागत नाही, तर अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (सेटिंगमधला लपलेला विभाग) ब्लूटूथ एव्हीआरसीपी व्हर्जन, म्हणजे गाण्याचं नाव अन् बटणं सांभाळणारी पद्धत, १.४ किंवा १.३ करून, फोन रीस्टार्ट करून, परत जोडून पहा. आवाज खूप बारीक येत असेल तर तिथंच ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद करून पहा.

पेन ड्राइव्ह वाचत नाही म्हणजे सेट गेला असं नाही. बरेच जुने सेट फक्त फॅट३२ (ड्राइव्हवर फाइली ठेवायची जुनी पद्धत) वाचतात, नवीन मोठे ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतात. ३२ जीबी किंवा त्याच्या आतला घ्या, कॉम्प्युटरवर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जातं), गाणी एमपी३ मध्ये टाका, फोल्डरमध्ये फोल्डर फार नको. आमच्याकडे आईच्या भजनांची नावं चौकोन-चौकोन दिसायची, कारण त्या सेटमध्ये देवनागरीचा फॉन्टच नाही. मी बसून सगळ्या फाइलींची नावं इंग्रजी अक्षरात केली, आतल्या टॅगसकट (फाइलीतच लिहिलेलं गाण्याचं नाव), आता तिला हवं ते भजन स्वतः लावता येतं.

अँड्रॉइड ऑटो (फोनचे मॅप अन् गाणी गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारं ॲप) मधेच तुटत असेल तर पहिला संशय केबलवर. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतात. एक मीटरच्या आतली, चांगली डेटा केबल घ्या. फोन बंद करून त्याच्या चार्जिंगच्या भोकात लाकडी टूथपिकनं हळूच पहा, खिशातला कापूस निघतो अन् तोच दोष असतो. मग ॲपचा कॅशे (साठलेला तात्पुरता डेटा) साफ करा, जुनी गाडी यादीतून काढून परत जोडा. जुन्या यूएसबीतून अर्धा अँपिअरच करंट येतो, म्हणून मॅप चालू असताना फोन चार्ज न होता उतरत जातो, तो बिघाड नाही.

नकाशा भलतीकडे, तारीख भलतीच

वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो असा ३.१४ किलोमीटरचा पट्टा आहे, तिथं खालून जाताना आकाशच दिसत नाही, जीपीएस भरकटणारच. वरून चाललो की खालून तेही त्याला कळत नाही. समृद्धी महामार्गावर गाडी शेतातून चालल्यासारखी दिसत असेल तर नकाशा जुना आहे, नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, त्याआधीच्या नकाशाच्या मेमरी कार्डाला तो माहीत नाही.

बरेच दिवस बंद असलेल्या सेटला मोकळ्या मैदानात पंधरा मिनिटं द्या, उपग्रहांची पूर्ण यादी उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात. तारीख मात्र जवळपास वीस वर्षं मागं गेली असेल तर कारण वेगळं: जीपीएस आठवडे मोजतो, आकडा १०२४ झाला की परत शून्य. ६ एप्रिल २०१९ ला असा फेरा पूर्ण झाला, आणि काही जुने सेट आपापल्या सॉफ्टवेअरप्रमाणे नंतरही अडकले. त्याला अपडेट लागतो, नाहीतर घड्याळाचं ऑटो बंद करून हातानं वेळ लावा.

आवाज आणि रेडिओ

एक स्पीकर बंद असेल तर आधी बॅलन्स-फेडर (आवाज डावी-उजवीकडे, पुढं-मागं वाटायची सेटिंग) पहा, घरातल्या पोरांनी फिरवलेलं असतं. मग दार उघड-झाप करून ऐका, आवाज येत-जात असेल तर दाराच्या बिजागरीजवळच्या रबरातली वायर तुटली आहे. स्पीकरच तपासायचा तर त्याच्या वायरी सेटपासून सोडवून त्यांना साधा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, टक असा आवाज आला तर स्पीकर जिवंत. इंजिनच्या रेससोबत चढणारी शिट्टी ऐकू आली तर परत अर्थ अन् अल्टरनेटर. एफएमला खरखर असेल तर चार्जर काढा, डॅशकॅमही काढून पहा, अन् नवीन सेट टाकल्यापासूनच स्टेशन कमी लागत असतील तर अँटेनाच्या ॲम्प्लिफायरची निळी वायर जोडायची राहिली असेल.

कॅमेरा, स्टेअरिंगची बटणं, पाऊस, उंदीर

रिव्हर्स टाकल्यावर स्क्रीन बदलतच नसेल तर मागचा रिव्हर्स लाइट लागतो का पहा, बाहेरून बसवलेल्या कॅमेऱ्याला इशारा बहुतेक तिथूनच जातो. हॅचबॅकच्या डिक्कीच्या झाकणाजवळचं रबर मागं सरकवून पहा, रोजच्या उघड-झाकीनं वायरी तिथंच तुटतात.

स्टेअरिंगची बटणं, हॉर्न आणि एअरबॅगचा लाइट तिन्ही एकदम बिघडले तर स्टेअरिंगच्या आतली केबल, म्हणजे क्लॉक स्प्रिंग गेली. हे स्वतः उघडू नका, तिथं एअरबॅग असते, वर्कशॉपचंच काम.

पावसाळ्यात पायाखालचं मॅटिंग हात लावून पहा. ओलं असेल तर एसीचा पाण्याचा पाइप तुंबला असेल किंवा पुढच्या काचेखालची जाळी पानांनी भरली असेल, कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांनी तर दर महिन्याला ती पानं काढावी. उंदीर वायरी कुरतडतात, फ्यूज बरे अन् तरीही एखादी गोष्ट मेली असेल तर टॉर्च घेऊन बोनेटमध्ये अन् ग्लोव्ह बॉक्सच्या मागं लेंड्या दिसतात का पहा.

सगळं करून झालं तर

अपडेट टाकायचा असेल तर गाडी किंवा सेट बनवणाऱ्याच्याच साइटवरून, अगदी तुमच्याच मॉडेल नंबरचा. बॅटरी भरलेली, गाडी मोकळ्या जागेत उभी, अन् पूर्ण होईपर्यंत चावीला हात नाही, मधात बंद झाला तर तेव्हा मात्र सेट खरंच मरतो.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना ती फोनमधली नोंद अन् मोजलेले व्होल्ट दाखवा. बोर्ड गेला म्हणाला तर कशावरून ते विचारा, बोर्ड दुरुस्त करणारे वेगळे असतात, तिथं एकदा दाखवा. नवीन सेट घ्यायचाच ठरला तर गाडीची मूळ वायर कापू देऊ नका, तुमच्या गाडीचा कप्लर मागा, म्हणजे जुना सेट परत बसतो. जुना सेट, त्याची फ्रेम अन् कोडचं कार्ड घरी आणा. आणि पैसे द्यायच्या आधी तिथंच उभं राहून हेडलाइट अन् एसी लावून सेल्फ मारा, रिव्हर्स टाका, स्टेअरिंगची सगळी बटणं दाबा, चावी काढून दहा मिनिटं चहा घ्या, मग परत चालू करून घड्याळ बरोबर आहे का ते पहा.